जोर स्पर्धेच्या दिवशी दिसला पाहिजे

जिल्हास्तराची तारीख आली की आमच्या भागातल्या बॉक्सिंगच्या पोट्ट्यांच्या अंगात येतं. रोज पाच किलोमीटर पळणारा आठ पळू लागतो, बॅगवर दीड-दीड तास घालवतो आणि वर रोज स्पारिंगही, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढतही, करतो. घरचेही म्हणतात, "आता चारच दिवस राह्यले, लाव जोर." मग स्पर्धेच्या दिवशी तोच मुलगा दुसऱ्या राऊंडच्या मध्यावर हात खाली सोडतो, समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) येताना दिसतो पण मान हलत नाही. घरी आल्यावर निकाल ठरलेलाच असतो की सराव कमी पडला. पण हाच मुलगा आठ-दहा दिवस आराम करून सरावाला आला की पॅडवर असा काही सुटतो की पॅड धरणाऱ्याचे मनगट दुखावं. सराव कमी पडला असता तर हा जोर आठ दिवसांत आला कुठून?

तो आधीपासून होताच, थकव्याखाली दबलेला होता. हा थकवा नेमका कधी आणि कसा उतरवायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. ऐकायला सोपा आहे, पण चांगले चांगले प्रशिक्षकही इथे घाई करतात.

प्रत्येक सराव अंगात दोन गोष्टी मागे ठेवतो, थोडी तयारी आणि बराच थकवा. दोन्ही सोबतच वाढतात, पण उतरताना त्यांचा वेग सारखा नसतो. कॅनडातले संशोधक एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हे गणितात मांडलं. एखाद्या दिवशी खेळाडू जे करू शकतो ते म्हणजे त्या दिवशीची तयारी वजा त्या दिवशीचा थकवा. या गणितात पुढे सर्रास वापरले जाणारे आकडे आहेत तयारीसाठी ४२ दिवस आणि थकव्यासाठी ७ दिवस. याचा अर्थ असा की सराव पूर्ण बंद केला तर आठवडाभरात थकवा साधारण ३७ टक्क्यांवर येतो, दोन आठवड्यांत १४ टक्क्यांच्या आसपास. तयारी मात्र आठवड्यानंतरही ८५ टक्के शिल्लक असते, दोन आठवड्यांनी ७२ टक्के. माणसागणिक हे आकडे बदलतात, सतरा वर्षांचं पोरगं तिशीतल्या बॉक्सरपेक्षा लवकर सावरतं. पण तयारी हळू उतरते आणि थकवा झपाट्याने, हे सगळ्यांना लागू आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, शेवटच्या चार दिवसांत केलेल्या कष्टाची तयारी स्पर्धेपर्यंत हाती लागतच नाही. शरीराला ती बांधायला वेळ लागतो. हाती लागतो तो फक्त थकवा. दुसरी, पंधरा दिवस नुसतं पडून राहणंही उपयोगाचं नाही, कारण मग तयारीचाही चौथ्याहून जास्त हिस्सा जातो. मधला रस्ता शोधावा लागतो.

तो रस्ता बराचसा शोधून झालेला आहे. फ्रेंच संशोधक लॉरेंट बॉस्के आणि त्यांच्या गटाने २००७ मध्ये स्पर्धेआधी सराव उतरवण्यावर झालेले अनेक अभ्यास एकत्र तपासले. सगळ्यांत चांगला परिणाम दिसला तो असा: साधारण दोन आठवडे आधीपासून सरावाचं एकूण प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करायचं, पण सरावाची तीव्रता तीच ठेवायची आणि आठवड्यातले सरावाचे दिवसही तेच. हे अभ्यास मुख्यतः पोहणारे, धावणारे आणि सायकलपटू यांच्यावरचे होते, बॉक्सरवरचे नाहीत, हे लक्षात ठेवून ते घ्यावेत. फायदा होतो तो दोन-तीन टक्क्यांचा. दोन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण दोन सारख्या ताकदीच्या मुलांमध्ये तिसऱ्या राऊंडला फरक तेवढाच असतो.

आपल्याकडे शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी पाळणाऱ्याला हे कोणी शिकवलेलं नाही, तरी तो हेच करतो. पट जवळ आला की ती जोडी वखराला किंवा डवऱ्याला जुंपत नाही. पण गोठ्यात बांधूनही ठेवत नाही. अधूनमधून सोडतो, थोडंच पळवतो, पण पळवतो ते पटाच्याच वेगाने. रोज पटाचं पूर्ण अंतर पळवून पटाच्या आदल्या दिवशी बैल दमवणाऱ्याला गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. तोच माणूस पोराच्या बाबतीत मात्र म्हणतो, "काहून बसला, पळून ये ना!"

आता बॉक्सिंगपुरतं बोलू. काय कमी करायचं आणि काय नाही, हे ठरवायला एक जास्तीचं ज्ञान लागतं. शरीराचा प्रत्येक गुण सराव थांबवल्यावर वेगवेगळा काळ टिकतो. व्लादिमीर इसुरिन या प्रशिक्षण-तज्ज्ञांनी याचे अंदाज दिले आहेत: लांब पल्ल्याचा दम साधारण ३० दिवस, कमाल ताकदही ३० दिवस, दम फुलवणाऱ्या जोरकस कामाची क्षमता १८ दिवसांच्या आसपास, ताकद बराच वेळ टिकवण्याची क्षमता १५, आणि निव्वळ वेग फक्त ५ दिवस. काही दिवस इकडे-तिकडे धरा.

हे बॉक्सरच्या वेळापत्रकावर ठेवून बघा. पहाटेचं लांब पळणं तीन आठवडे आधी कमी केलं तरी दम जात नाही, कारण तो महिनाभर टिकतो. आणि आपली मुलं शेवटच्या आठवड्यात नेमकं तेच वाढवतात! जड दंड-बैठका आणि वजनांचा व्यायामही दहा-बारा दिवस आधी उतरवता येतो. मात्र वेग, म्हणजे दोन-तीन पंचांचे झटपट कॉम्बिनेशन, पाय बदलणं, पंच चुकवून लगेच उलट मारणं, हे शेवटच्या दिवसापर्यंत थोडं थोडं हातात ठेवावंच लागतं. आठवडाभर शॅडोसुद्धा (समोर कोणी नसताना हवेत पंच मारणं) केलं नाही तर मुलगा ताजा असतो पण मंद असतो. रिंगमध्ये असा ताजेपणा मार खायला पुरतो.

प्रत्यक्षात साधारण असं करता येतं. नेहमीचा संध्याकाळचा सराव नव्वद मिनिटांचा असेल तर शेवटून दुसऱ्या आठवड्यात तो साठ मिनिटांवर आणायचा आणि शेवटच्या आठवड्यात चाळीसवर. पॅडचे आठ राऊंड होत असतील तर आधी पाच, मग तीन. पण ते तीन राऊंड स्पर्धेच्या वेगाने, मधली विश्रांतीही स्पर्धेइतकीच, एक मिनिट. मोठ्यांच्या गटात तीन मिनिटांचे तीन राऊंड असतात, ज्युनिअर गटात दोन मिनिटांचे तीन. ज्या गटात उतरायचं त्याच घड्याळावर सराव व्हायला हवा. दोन-दोन मिनिटांच्या राऊंडच्या लढतीसाठी चार-चार मिनिटांचे संथ राऊंड मारत बसलं की शरीर संथच शिकतं.

स्पारिंगचा हिशेब वेगळा आहे. तिथे थकव्याशिवाय मारही असतो. भुवईवर चीर पडली तर स्पर्धेत पहिल्याच टक्करीत ती उघडते आणि डॉक्टर लढत थांबवू शकतात. डोक्यावर बसलेल्या जोरदार पंचाचा परिणाम तर बाहेरून दिसतही नाही. म्हणून जोराचं स्पारिंग सात ते दहा दिवस आधी संपवावं. त्यानंतर फक्त हलका खेळ, आधी ठरवून दिलेला, एक जण फक्त जॅब मारेल आणि दुसरा फक्त चुकवेल असा. शेवटच्या आठवड्यात "एकदा टेस्ट घेऊन बघू" असं म्हणणाऱ्या सीनियर मुलांना प्रशिक्षकाने सरळ घरी पाठवावं, असं माझं मत आहे. त्या टेस्टमधून प्रशिक्षकाला नवीन काही कळत नाही, मुलाचा आत्मविश्वास मात्र जाऊ शकतो.

या काळात मुलांची एक तक्रार हमखास येते: "सर, अंग लय जड वाटून रायलं." सराव कमी केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी हे बऱ्याच जणांना होतं. झोप वाढते, पाय सुस्त वाटतात, मन अस्वस्थ होतं. मुलगा घाबरतो की तयारी गेली, आणि चोरून पळायला जातो. त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं की असं वाटेल आणि ते जाईल.

इथपर्यंतचं कोणत्याही पुस्तकी वेळापत्रकात सापडेल. गावातला प्रश्न वेगळा आहे. गावातल्या मुलाचा थकवा फक्त सरावातून येत नाही. शालेय स्पर्धांचे दिवस आणि सोयाबीनची सोंगणी बऱ्याचदा एकमेकांवर येतात, त्यानंतर दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. घरात माणसं कमी असतील तर सतरा वर्षांचा मुलगा बांधावर उभा राहून बघत नाही. फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेऊन अर्धा दिवस फिरलेल्या मुलाच्या खांद्यांना संध्याकाळी गार्ड, म्हणजे चेहरा झाकणारे हात, वर ठेवायला सांगणं म्हणजे काय, हे ज्याने पंप उचलला आहे त्यालाच कळेल.

हा थकवा मोजता येतो, आणि त्यासाठी कसलंही यंत्र लागत नाही. कार्ल फॉस्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाची पद्धत सोपी आहे. काम संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती कठीण गेलं? तो आकडा गुणिले कामाची मिनिटे. समजा संध्याकाळचा सराव साठ मिनिटांचा आणि मुलगा म्हणतो सात. झाले ४२०. त्याच दिवशी त्याने सहा तास, म्हणजे ३६० मिनिटे, कापूस वेचला आणि म्हणतो तीन. झाले १०८०. म्हणजे ज्याला आपण "काही नाही, नुसता कापूस वेचत होता" म्हणतो ते सरावाच्या अडीचपट भरलं. ही पद्धत सरावासाठी आहे, शेतीसाठी नाही, आणि वेचणीतून येणारा थकवा पॅडवरच्या थकव्यापेक्षा वेगळा असतो. तरी वहीत दोन्ही लिहिले की पालकांशी बोलताना हातात आकडा असतो.

बोलायचं ते एवढंच की शेवटचे बारा-चौदा दिवस मुलाला जड कामातून सोडा. काही घरं सोडतात. काही घरांना ते परवडत नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी माझा हिशेब सरळ आहे. शेतातलं काम कमी होणार नसेल तर सराव आणखी कमी करायचा. सोंगणीहून आलेल्या मुलाला त्या संध्याकाळी वीस मिनिटं पुरे, वॉर्मअप, दोन राऊंड वेगाचे, अंग मोकळं करून घरी. "कामाने अंग गरमच आहे तर अजून एक तास" हा विचार करणारे स्पर्धेत दमलेला मुलगा घेऊन जातात.

झोपेबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी पाळत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला आठ-नऊ तास हवेत. रात्रीचा मोबाईल आणि पहाटे पाचचं रोडवर्क यांत एकच टिकतं. शेवटच्या दोन आठवड्यांत पहाटेचं पळणं बंद करून तो तास झोपेला दिला तर नुकसान काहीच नाही. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणात बसून एक मिनिट नाडी मोजायची सवय लावावी. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके सलग दोन-तीन दिवस जास्त दिसले तर थकवा उतरलेला नाही, किंवा ताप-सर्दी येऊ घातली आहे.

आता वजन. वजनाची गडबड शिखरकाळाशी, म्हणजे स्पर्धेआधी सराव उतरवण्याच्या या काळाशी, थेट जोडलेली आहे आणि ते फार कमी जणांच्या लक्षात येतं. सराव कमी झाला की स्नायूंमधला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, पूर्ण भरू लागतो. चांगलीच गोष्ट आहे, तिसऱ्या राऊंडला तोच कामी येतो. पण एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणीही साठतं. त्यामुळे सराव उतरवला की काटा अर्धा-एक किलो वर सरकू शकतो. चरबी वाढलेली नसते. मुलगा मात्र हादरतो, जाड जॅकेट घालून दुपारच्या उन्हात पळतो, रात्रीचं जेवण सोडतो, आणि दोन आठवड्यांत जे कमावलं ते दोन दिवसांत घामातून काढून टाकतो. म्हणून वजनाचं काम हा काळ सुरू होण्याआधी संपलेलं हवं. त्या वेळी गटाच्या मर्यादेच्या आतच असावं, थोडी जागा ठेवून. ते जमत नसेल तर मुलगा चुकीच्या गटात आहे.

व्यावसायिक बॉक्सरचं वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, एकदाच. त्याची लढतही एकच असते. आपल्या शालेय आणि ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धेत ज्या दिवशी लढत त्या सकाळी वजन, म्हणजे फायनलपर्यंत जायचं तर पुन्हा पुन्हा काट्यावर उभं राहायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. खेळ कुस्ती होता, पण नियम याच जातीचा. पहिल्या दिवशी ५० किलोत बसली, तीन कुस्त्या जिंकली, फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली. ती जगातल्या उत्तम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होती. आपल्याकडे मोठ्या मुलांचा सल्ला असतो, तोही ऐकीव.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, म्हणजे पन्नास किलोच्या मुलाचं एक लिटर, तरी दम घटू लागतो, विदर्भाच्या उन्हात तर अधिकच. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतले तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन उतरवताना मरण पावले, आणि मग तिथल्या कॉलेज कुस्तीत सॉना आणि रबरी सूट बंद झाले. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी पाणी तोडून वजन करू नये, यात मला तडजोड दिसत नाही. शेवटचे दोन दिवस ज्वारीची भाकर, पालेभाज्या आणि कडधान्यं कमी करून त्याऐवजी वरण-भात, अंडी, केळी असं हलकं खाल्लं तर पोटातला चोथा कमी होतो आणि काटा थोडा उतरतो. पाणी न तोडता एवढंच करता येतं. ज्यांना वजनाची वरची मर्यादाच नाही ते या कटकटीतून सुटतात. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक सुवर्ण जिंकलं ते ८१ किलोंवरच्या गटात.

एकाच स्पर्धेत दोन-तीन किंवा त्याहून जास्त लढती म्हणजे एकच दिवस गाठून भागत नाही, चार-पाच दिवस ताजं राहावं लागतं. त्यामुळे पहिल्या लढतीनंतरचं वागणं महत्त्वाचं. लढत संपली की दहा मिनिटं हळू चालणं, अर्ध्या-एक तासात केळी, गूळ-शेंगदाणे किंवा जे मिळेल ते, मीठ घातलेलं ताक, आणि मग झोप. दिवसभर गॅलरीत उभं राहून दुसऱ्यांच्या लढती बघत ओरडणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आधीच एक राऊंड हरलेला असतो. प्रवासाचंही तेच. रात्रभर एसटीत बसून सकाळी सात वाजता वजनाला उभं राहण्यापेक्षा आदल्या दुपारी पोचलेलं बरं, मग शाळेच्या वर्गात सतरंजीवर का झोपावं लागेना.

राहिला सगळ्यांत अवघड प्रश्न. तारीखच वेळेवर कळत नसेल तर दोन आठवडे आधी सुरुवात करायची कुठून? जिल्ह्याची सूचना ग्रुपवर येते तेव्हा कधी आठ दिवस असतात, कधी पाच. पावसामुळे तारीख पुढेही ढकलली जाते. अशा परिस्थितीत प्रत्येक स्पर्धेसाठी पूर्ण शिखर गाठायचा नाद सोडावा. जिल्हास्तराला मुलगा साधारण नव्वद टक्क्यांवर असला तरी चालतं, म्हणून जिल्हा आणि विभागासाठी चार-पाच दिवसांचा छोटा उतार पुरतो. स्पारिंग बंद, प्रमाण अर्ध्यावर, वेग तोच. पूर्ण दोन आठवड्यांचा उतार राज्यस्तरासाठी राखून ठेवायचा. हंगाम सुरू झाल्यावर सरावाचं वेळापत्रकच असं ठेवायचं की तीन आठवडे चढ आणि चौथा आठवडा हलका. मग सूचना कधीही आली तरी मुलगा खोल थकव्यात सापडत नाही.

स्पर्धा पुढे ढकलली गेली तर? आठवड्याभरासाठी असेल तर दोन-तीन दिवस नेहमीचा सराव करून पुन्हा उतरवायचं. तीन आठवड्यांसाठी असेल तर सरळ कामाला लागायचं. उतारावर तीन आठवडे बसून राहिलं तर ताजेपणा राहतो, पण मिळवलेलं हातातून जातं. जिल्ह्यानंतर विभाग तीन आठवड्यांनी असेल तेव्हाही हाच क्रम: चार दिवस हलकं आणि मार बसलेल्या जागा बऱ्या होऊ द्यायच्या, मग दहा-बारा दिवस जोर, मग पुन्हा पाच दिवस उतार.

चौदा वर्षांखालच्या मुलांना यातलं काहीही लावू नये. त्यांचं शरीर दर दोन-तीन महिन्यांनी बदलत असतं, कोणाची उंची एका उन्हाळ्यात वाढते आणि जमलेलं फुटवर्क बिघडतं. त्यांच्यासाठी स्पर्धेआधीचे दोन दिवस हलके ठेवले, रात्री वेळेवर झोपवलं आणि सकाळी नीट खाऊ घातलं की झालं.